बोईटाचं अस्तर

कुलाबा बाजारात, दुसऱ्या मजल्यावर, रात्रशाळा.
पावणेआठचा तास. फळ्यावर तीन वर्तुळं काढली
आणि म्हटलं, हे तीन प्राणी आडवे कापलेत.
मागच्या बाकावर घोगळे, वॉचमनच्या गणवेशातच,
दहाला ड्यूटी, डोळे आत्तापासून मिटलेले.

पहिलं वर्तुळ भरीव. चपटा कृमी.
भिंतीपासून आतड्यापर्यंत नुसता मऊ भराव,
कुणाला कूस बदलायची सोय नाही.
दुसरा जंत. याला पोकळी आहे, पण फसवी:
बाहेरच्या भिंतीला आतून गिलावा केलाय,
आतड्याच्या बाजूला गवंडी फिरकलाच नाही.
तिसरं गांडूळ. दोन्हीकडे अस्तर, मध्ये पाणी,
आणि त्या पाण्यात आतडं आपलं आपण हलतं,
अंगाला न विचारता.
ही खरी देहगुहा.
लिहून घ्या, दोन मार्कांना येतं.

मथुरा वैती लिहून घेत नाही.
वय बेचाळीस. मुलगा बारावी होऊन बसलाय.
पहाटे चारपासून ससून डॉकला कोळंबी सोलते,
बोटांची टोकं पांढरी, चुरगळलेली,
साबण झिजतो, वास झिजत नाही
म्हणून खिडकीशी एकटी बसते.

म्हणाली, बाई, अस्तर म्हणजे
बोईटाच्या पोटात काळं असतं, तेच ना?
नखानं खरवडायचं. राहिलं तर कालवण कडू होतं.

वीस वर्षं मी हा धडा शिकवते.
बोईट खात आलेय त्याच्याही आधीपासून.
माझ्या घरी ते साफ होऊनच येतं.

मग तास तिचाच झाला.
कोळंबीला असलं अस्तर नाही, म्हणाली,
कवच निघालं की सगळं ओलं एकातएक,
रक्ताला सुद्धा वाट आखलेली नसते.
(हे पुढच्या पानावर आहे. मी तिथवर पोचले नव्हते.)
घोळीचा भोत पाठीला लागून असतो,
अलगद काढावा लागतो, फाटला तर मुकादम ओरडतो,
सोन्याच्या भावानं जातो कुठे कुठे,
काढणारीला रोज तेवढाच.
घोगळे जागे झाले. विचारलं, सोन्याच्या म्हणजे किती?

खडूनं हात पांढरे झालेले
तिचेही, माझेही.

तास सुटल्यावर जिन्यात थांबली.
दिवा गेलेला, खाली सुक्या मासळीच्या गोणी.
"बाई, दोन वर्षांमागं माझी पिशवी काढली, जेजेला.
डॉक्टरला विचारलं नाही, रांग होती मागं.
तिथं आता काय आहे?"

मला माहीत होतं असं नाही.
तरी फळ्यावरचं तिसरं वर्तुळ आठवलं
आणि म्हटलं, आतडी सरकतात.
हळूहळू खाली येतात, पसरून बसतात.
रिकामं असं काही राहत नाही.

ती जरा वेळ पोटावर हात ठेवून उभी.
मग हसली, मोठ्यानं, जिनाभर:
"म्हणजे पोटभाडेकरू!
आमच्या खोलीत पण तसंच, दीर गेला गावाला
तर संध्याकाळच्या आत भाचा ट्रंक घेऊन हजर."
आणि उतरताना, पाठमोरी,
"पण मला पोकळच वाटतं हां तिथं.
तुमच्या पुस्तकात असेल तसं असेल."

शुक्रवारी टेबलावर एक बोईट,
गुजराती वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, न चिरलेलं.
वर काही लिहिलेलं नव्हतं.

घरी ओट्यावर, चष्मा लावून, पोट उघडलं.
काळं होतं. पाटी ओल्या फडक्यानं पुसावी
तसं काळं, तुकतुकीत, आणि इतकं पातळ
की त्याच्या आडून काटे मोजता येत होते.
सगळं काही जागच्या जागी
आणि तरी सैल.
बोटानं ढकललं तर सरकलं,
ढकलणं थांबवलं तर परत आलं.

खरवडायला बराच वेळ लागला.
शेपटीकडचं थोडं मी मुद्दाम ठेवलं,
कडू लागतं का पाहायला.

लागतं.